पोटावरच्या रेषा आणि मनातली अट

"मॅडम, रोज पोटाचा व्यायाम करतो, तेलकट-गोड सगळं बंद केलंय, तरी ॲब्स दिसत नाहीत. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

ॲब्स म्हणजे पोटावर उठून दिसणारे स्नायूंचे कप्पे. समुपदेशक म्हणून काम करताना ही तक्रार गेल्या काही वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या सारख्या शब्दांत ऐकली आहे की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. पहिल्या भेटीत ती सहसा कुणी सांगत नाही. मुलं येतात ती झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते म्हणून. मुलीही येतात. त्यांच्या तोंडी ‘पोट सपाट होत नाही’ असं असतं, पण आतला छळ तोच.

ओंकारला त्याची आई घेऊन आली होती. (नाव बदललं आहे. ओळख पटू नये म्हणून त्याच्यासारख्या आणखी दोघांचे तपशीलही यात मिसळले आहेत.) वय चोवीस, पुण्यातच नोकरी. "धड जेवत नाही, गणपतीत एक मोदक खाल्ला नाही, काही विचारलं की अंगावर येतो," आई म्हणाली. ओंकार खाली बघत होता. आई बाहेर गेल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मला स्वतःच्या पोटाचे फोटो दाखवले. रोज सकाळी एक, रोज रात्री एक.

"व्यायाम काय करतोस?"

"क्रंचेस, लेग रेझ, प्लँक. तासभर फक्त पोटाचं."

"तासभर पोटच का?"

"तिथली चरबी जळायला हवी ना!"

माझ्या कामात पहिली पायरी नेहमी एकच असते. भावना हाताळण्याआधी माणूस कुठल्या समजुतीवर उभा आहे ते बघायचं, आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे का ते तपासायचं. ओंकारची पहिलीच समजूत चुकीची होती. विहिरीच्या एकाच कोपऱ्यातून पाणी शेंदलं म्हणून तेवढ्याच कोपऱ्यातलं पाणी खाली जात नाही. चरबीचंही तसंच आहे. जो स्नायू काम करतो तो शेजारची चरबी उचलून जाळत नाही. शरीर सगळीकडच्या साठ्यातून चरबी रक्तात सोडतं, आणि कुठला साठा आधी रिकामा करायचा ते आनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. बहुतेक पुरुषांत पोटाच्या खालच्या भागाचा नंबर शेवटी लागतो. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. खेळणाऱ्या हाताचे स्नायू जाड होते, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. २०११ मध्ये आणखी एका अभ्यासात काही जणांकडून सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम करून घेतले. स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी होती तिथेच राहिली.

हे ऐकून ओंकार म्हणाला, "म्हणजे वर्षभर मी फुकट घाम गाळला?"

फुकट नाही. पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत उभा स्नायू असतो. तो तुमच्याकडे आहे, माझ्याकडे आहे, रांगणाऱ्या बाळाकडेही आहे. त्याच्या मधून एक उभी पट्टी जाते आणि आडव्या चिवट पट्ट्या त्याचे कप्पे पाडतात. व्यायामाने हे कप्पे जाड होतात, उठून दिसायला मदत होते. पण वरून चरबीचा थर किती आहे यावर ते दिसणं मुख्यतः अवलंबून असतं. ढोबळमानाने पुरुषात शरीरातली चरबी दहा-बारा टक्क्यांवर आली की कप्पे स्पष्ट होतात, पंधराच्या आसपास वरच्या रेषा पुसट दिसतात. बाईच्या शरीराला मुळातच जास्त चरबी लागते, त्यामुळे तिच्यात हाच आकडा साधारण सोळा ते वीस. आडव्या पट्ट्या किती आणि कुठे, हे जन्मापासून ठरलेलं. कुणाचे चार कप्पे, कुणाचे सहा, कुणाचे आठ. ओंकारचे डावे-उजवे कप्पे एका रेषेत नव्हते आणि आपण चुकीचा व्यायाम केल्यामुळे ते वाकडे झाले असं तो वर्षभर धरून चालला होता. ती त्याच्या शरीराची घडण आहे, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी सैल रेषा दिसली.

पुढच्या भेटीत नवा प्रश्न आला. "माझा मित्र आणि मी, उंची सारखी, वजन सारखं. त्याचे पॅक्स दिसतात, माझे नाही. का?"

याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे माणूस बारीक दिसतो, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही ठेवण अनेकांत असते. तिची सुरुवात गर्भातच होते. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. मी हे उदाहरण मुद्दाम देते. ‘माझ्यात खोट आहे’ म्हणणाऱ्या मुलाला आपली ठेवण लाखो जणांत आहे हे कळतं, आणि तो पहिल्यांदा शरीराकडे आरोपीसारखं न बघता माहिती म्हणून बघायला लागतो.

तरी चिडचिड कायम होती. रोजचं खाणं त्याने चौदाशे उष्मांकांच्या खाली नेलं होतं, वर दोन वेळा जिम. रात्री पाककृतींचे व्हिडिओ बघत जागायचा. यालाही तो स्वतःच्या मनाचा दुबळेपणा म्हणत होता. मी त्याला १९४४-४५ चा मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. सहा महिने त्यांना निम्मंच अन्न दिलं, वजन साधारण पाव हिश्श्याने उतरवलं. ते सतत अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, खिन्न झाले, माणसांपासून तुटले, कामेच्छा गेली. ती सगळी खंबीर म्हणून निवडलेली मुलं होती.

"म्हणजे मी कमकुवत नाही, उपाशी आहे," ओंकार म्हणाला.

हे त्याचं स्वतःचं वाक्य. माझ्या ओळखीच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे तो त्यानंतरच गेला. आधी मी दोनदा सुचवलं होतं, तेव्हा टाळलं होतं. माणसाने निष्कर्ष स्वतः काढला की तो पाळतोही, हा माझा या व्यवसायातला पक्का अनुभव आहे.

खाणं सुधारलं, झोप आली, पण त्याचं आयुष्य अजून अडकलेलंच होतं. मित्र दिवेआगरला निघाले, हा गेला नाही. समुद्रात शर्ट काढावा लागेल. एक स्थळ आलं होतं, ते लांबणीवर टाकलं. "आधी बॉडी होऊ दे, मग बघू." बारीक व्हावं, कप्पे दिसावेत, ही इच्छा झाली, तिच्यात गैर काही नाही, मी ती कधी कुणाची काढून घेत नाही. ओंकारने तिची अट करून ठेवली होती. ते दिसेपर्यंत समुद्र नाही, मुलगी नाही, मोदक नाही. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. अट पुरी झाली नाही तर माणूस स्वतःलाच नापास करतो. मी ज्या विवेकनिष्ठ, म्हणजे मनातल्या समजुती तर्कावर तपासणाऱ्या, पद्धतीने काम करते तिचा सगळा भर इथे आहे. पण असं नुसतं सांगून उपयोग नसतो. ही अट कुठून आली ते कळत नव्हतं.

एके दिवशी मी सहज विचारलं, "तुझ्या घरात सगळ्यात मजबूत पोट कुणाचं?"

"माझंच. बाकी कुणी व्यायाम करत नाही."

"बाबा काय करतात?"

तो थोडा थांबला. तोवर वडिलांचा विषय त्याने एकदाही काढला नव्हता. "मार्केट यार्डात. माथाडी आहेत."

"पन्नास किलोचं पोतं उचलताना बघितलंयस त्यांना?"

"लहानपणी. डबा द्यायला जायचो तेव्हा."

"कसं उचलतात, सांग बरं."

तो खुर्चीतून उठला. गुडघ्यात वाकला, हात पसरले, श्वास धरला आणि पोट आवळलं. तसाच थांबला. मग हळूच म्हणाला, "पोट आवळतात, मग उठतात."

"पोटातलं काय आवळतं?"

"ॲब्स." आणि लगेच, "पण त्यांना तर ढेरी आहे."

"आहे. मग?"

तो खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही, मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम असतं आणि ते मी मेहनतीने शिकले आहे. शेवटी तोच बोलला. कॉलेजमध्ये कुणीतरी बाबांना पोतं वाहताना पाहिलं होतं. बनियन वर सरकलेला, ढेरी बाहेर. वर्गात नक्कल झाली. ओंकारही हसला होता.

"मला त्यांच्यासारखं दिसायचं नव्हतं, मॅडम. तेवढंच."

त्याचे डोळे भरले होते. माझ्यासमोर आता वर्षभराचा तो तास-तासभराचा व्यायाम, ते रोजचे दोन फोटो, सगळं एका जागी येऊन उभं राहिलं. तो चरबी उतरवत नव्हता, एक नातं अंगावरून उतरवू बघत होता. क्रंचेस मारून ते उतरणार कसं? त्याला जे पोट नको होतं त्याच पोटाच्या जोरावर त्याची फी भरली गेली होती, हे मी म्हटलं नाही. पुढच्या भेटीत तोच म्हणाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मजबूत पोट आणि निरोगी पोट एकच नव्हे. त्वचेखालची चरबी रेषा झाकते, पण खरा धोका आतल्या अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीचा. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८०च्या पुढे गेली की मधुमेह-हृदयविकाराच्या दृष्टीने सावध व्हायचं. ओंकारने घरी टेप घेऊन बाबांची कंबर मोजली आणि त्यांना साखर तपासायला घेऊन गेला. ती वाढलेली निघाली, औषध सुरू झालं. वर्षभर ज्या पोटाची त्याला लाज वाटत होती त्याची काळजी घ्यायला तो लागला, यात मला माझ्या कामाचं सार्थक वाटलं.

असाच प्रश्न पडलेल्यांना माझं सांगणं असं. पोटाचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, पण हळूहळू भार वाढवत. बाकीचा वेळ सगळ्या अंगाच्या व्यायामाला द्या. जोर-बैठका, वजन उचलणं, चालणं, काहीही, ज्यात मोठे स्नायू कामाला लागतात. चरबी कमी करायची असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून घाई नको. घाईत स्नायूही जातो आणि मग कप्पे दिसायला उरतच नाहीत. त्यासाठी भाकरी सोडायची गरज नाही, डाळ-उसळ-अंडी-दही यांचं प्रमाण वाढवा. झोप मोडून पहाटेची जिम करू नका. रोज आरसा आणि फोटो बंद; पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, बेंबीपाशी टेप. जिममधल्या काट्याचा चरबीचा आकडा पाणी प्यायल्यावर, जेवल्यावर बदलतो, त्यावर दिवस बिघडवू नका. पडद्यावर दिसणारी शरीरं त्या दिवसाच्या चित्रीकरणासाठी पाणी तोडून, प्रकाश नेमका पाडून तयार केलेली असतात. ती माणसंही वर्षभर तशी नसतात. चरबी जाळणाऱ्या गोळ्या आणि ट्रेनरने हळूच सुचवलेली इंजेक्शनं यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि स्वतःला एक विचारा: हे कप्पे दिसले की मी काय करणार आहे? जे उत्तर येईल ते याच महिन्यात करून बघा. ओंकार दिवेआगरला जाऊन आला. स्थळही बघितलं. मुलीला नोकरीसाठी नाशिक सोडायचं नव्हतं, जमलं नाही. हे सांगताना त्याने पोटाचा उल्लेख केला नाही, तेव्हा आमच्या भेटी थांबवायची वेळ आल्याचं मला कळलं. सकाळच्या उजेडात त्याच्या वरच्या दोन रेषा दिसतात. खालच्या दिसत नाहीत.

घरच्यांसाठी थोडं. ‘काय ते वेड’ म्हणून टिंगल करू नका आणि जबरदस्तीने ताटात वाढूही नका. मुलगा किंवा मुलगी खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, मुलीची पाळी थांबली असेल, दिवसाचे तासन्‌तास आरशासमोर जात असतील, दुखापत असूनही व्यायाम सुटत नसेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं निघत असेल, तर समुपदेशनावर भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लगेच कुणी मिळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.