हिरवळ अचानक पिवळी पडली

प्रश्न : पाणी नियमित देऊनही लॉन चार दिवसांत पिवळं पडलं. हुमणी (मुळं खाणारी अळी) असेल का?

उत्तर : मूठभर गवत ओढून पाहा. चटईसारखं सुटून आलं तर हुमणी. मुळं घट्ट, पण पाती कुरतडलेली असतील तर लष्करी अळी. संध्याकाळी ४ लिटर पाण्यात २ मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड मिसळून हिरव्या-पिवळ्या भागाच्या सीमेवर चौरस मीटरभर ओता. दहा मिनिटांत अळ्या वर येतात. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, म्हणजे मक्यावरचीच अमेरिकन लष्करी अळी. मोठ्या अळ्या शेवटच्या काही दिवसांत सर्वाधिक खातात, म्हणून लॉन एका रात्रीत गेल्यासारखं वाटतं. बीटी हे जिवाणूंपासून बनवलेलं कीटकनाशक लहान अळ्यांवरच चालतं. सेंटिमीटरभर असतानाच, ऊन उतरल्यावर फवारा. मुळं शाबूत असतील तर गवत पुन्हा फुटतं, पाणी तोडू नका.