गाभण शेळीने भांगेचा चोथा खाल्ला, तर करडांना धोका किती?

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, अक्कलकोट रस्त्यावरच्या आपल्या वस्तीवर चार महिन्यांच्या गाभण उस्मानाबादी शेळीने थंडाईचा उरलेला चोथा खाल्ला, आता करडे व्यंग घेऊन जन्मतील काय, असे आपण विचारले आहे. आपली धास्ती अनाठायी नाही. परंतु चोथा किती खाल्ला आणि गर्भ किती दिवसांचा आहे, हे आधी पाहावे लागते.

भांगेतील मादक द्रव्य, म्हणजे टीएचसी, चरबीत विरघळते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. शरीर स्वतःही तसेच काम करणारे एक द्रव्य तयार करते. १९९२ मध्ये सापडलेल्या या द्रव्याला संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून आनंदामाइड हे नाव मिळाले. उंदराच्या मादीत गर्भ जेथे रुजतो तेथे त्याचे प्रमाण उतरावे लागते, ते चढे राहिले तर गर्भ रुजत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना गर्भारपणाच्या आठव्या दिवशी टीएचसी किंवा सीबीडी (भांगेतीलच दुसरे, नशा न आणणारे द्रव्य) एकदाच टोचले, तरी काही गर्भांचे डोळे, चेहरा आणि मेंदू यांत व्यंग आढळले. उंदीर जेमतेम वीस दिवसांत वितो, त्यामुळे आठवा दिवस हा अवयवांच्या मांडणीचा असतो. आपल्या शेळीच्या गर्भात ती मांडणी केव्हाच उरकलेली आहे. शिवाय टोचलेले औषध आणि रवंथ करणाऱ्या जनावराने तोंडाने खाल्लेला पाला यांची बरोबरी करता येत नाही. मात्र रोजच्या रोज टीएचसी दिलेल्या उंदरांची पिल्ले कमी वजनाची जन्मली आहेत, आणि करडाचे बहुतेक वजन शेवटच्या दीड महिन्यातच भरते. म्हणून चोथा पुन्हा तिच्या तोंडी लागू देऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती तिच्या उपाशी राहण्याची. माझ्या गोठ्यातील एका गाभण शेळीने असाच चोथा खाल्ला होता, तेव्हा ती दिवसभर गव्हाणीवर हनुवटी टेकून, ओठांतून लाळ गाळत उभी होती आणि समोरचा सुबाभळीचा पाला तसाच पडून होता. तिची दोन्ही करडे धडधाकट निघाली, पण एका शेळीवरून काही सिद्ध होत नाही. पोटात जुळी असताना शेळीने चारा सोडला, की अंगातील चरबी जळू लागते आणि त्यातून होणारा गाभणपणीचा विषार आई आणि करडे दोघांनाही नेऊ शकतो. शेळी पूर्ण शुद्धीवर असेल तरच गुळाचे पाणी स्वतःहून पिऊ द्या. झोकांड्या खात असताना बाटलीने बळेच पाजल्यास पाणी फुप्फुसात जाते. एक दिवस चाऱ्याला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकांना बोलवा आणि भांग खाल्ल्याचे संकोच न बाळगता सांगा.