कोणीतरी खोटं बोलतंय, असंच का धरायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न द्यातलोव्ह प्रकरणाचा आहे. १९५९ च्या हिवाळ्यात रशियातल्या उरल पर्वतात भटकंतीला गेलेले नऊ जण, त्यांचा म्होरक्या द्यातलोव्हसकट, मरण पावले आणि त्यांना शोधणाऱ्यांच्या जबान्या काही जुळत नाहीत. बर्फातले पावलांचे ठसे कोणी आठ जणांचे सांगतं, कोणी आठ-नऊ. तंबू कोणी फाटलेला म्हणतं, कोणी कापलेला. वर आकाशात आगीचे गोळे दिसल्याचंही सांगतात. मग दडपादडपी झालीच असणार ना, असं तुम्ही विचारलंय.

जबान्या जुळत नाहीत एवढ्यावरून तरी मी तसं म्हणणार नाही. जबान्या तंतोतंत जुळल्या तर उलट मला शंका येते, की सगळे आदल्या रात्री एकाच शेकोटीभोवती बसले होते की काय.

उरलकडे वळण्याआधी आपल्या सातपुड्यातलं सांगतो. दहा-बारा वर्षं झाली. जानेवारीत जळगावकडची दोन कॉलेजची पोरं तोरणमाळला गेली, ती परत आली नाहीत. तिकडच्या थंडीची कल्पना खाली शहाद्यात बसून येत नाही. पलीकडे अक्कलकुव्यातल्या डाबकडे तर दवबिंदू गोठतात. त्यांना शोधायला आम्ही सात-आठ जण वर पोचलो तेव्हा तीन साक्षीदार तयारच होते. यशवंत तलावाजवळची चहावाली मावशी म्हणाली, दोन पोरं, एकाचं लाल जर्किन, दुपारी सीताखाईच्या दरीकडे गेली. बकऱ्या चारणारे एक म्हातारबा म्हणाले, तीन जण, काळं जर्किन, दरीच्या कडेने उतरत होते. तिसरा जीपवाला. तो छातीठोक सांगत होता, "मना डोयाघाई दखं, परवा मीच त्यास्ले खाले सोडं."

जीपवाला आपल्या अहिराणीत बोलला, ठाम बोलला, आणि ऐकायला बरंही वाटत होतं. पोरं उतरली म्हणजे काळजी मिटली. अर्धी मंडळी सात पायरी घाटाने परत निघायच्या बेतात होती. म्हातारबांना तर मीच बाजूला काढलं. आकडा चुकला, रंग चुकला, मग त्यांचं काय धरायचं! त्यात आमचे चार तास गेले, ते माझ्या खात्यावर.

मग मी जीपवाल्याला विचारलं, परवा म्हणजे बाजाराच्या आधी की नंतर? तो अडखळला. आपल्या भाषेत 'परवा' हा शब्द कसा आहे बघा. दोन दिवसांपूर्वीचं ते परवा, दोन दिवसांनंतरचं तेही परवा, आणि गेल्या पंधरवड्यात कधीतरी घडलं तरी परवाच. त्याने पोरं सोडली होती हे खरं, पण ती आदल्या आठवड्यातली, दुसरीच.

म्हातारबा पावरी ही तिकडची आदिवासी बोली बोलत होते आणि मध्ये एक शाळकरी पोरगा मराठी करून सांगत होता. पुन्हा बसलो. या वेळी "किती वाजले होते?" हा प्रश्न टाळला. डोंगरात घड्याळ विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल तो आकडा देतो. बकऱ्या कोंडल्या होत्या का, असं विचारलं. म्हणाले, कोंडायला निघालोच होतो. म्हणजे तिन्हीसांजेची वेळ. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. अंधारू लागलं की डोळ्यांना सगळ्यात आधी लाल रंग दिसेनासा होतो आणि काळपट वाटू लागतो. मावशीने दुपारी पाहिलेलं लाल आणि म्हातारबांनी सांजेला पाहिलेलं काळं, जर्किन एकच होतं. ज्या फरकामुळे मी त्यांना उडवून लावलं, त्यानेच पोरं अंधार पडताना दरीत उतरत होती हे कळलं.

आणि म्हातारबांनी पाहिलेला तिसरा? तोच दुभाषा पोरगा. बिस्किटाच्या पुड्यासाठी वाट दाखवायला थोडं अंतर गेला होता. आपल्यावर येईल म्हणून गप्प. 'तीन' हा आकडा त्याने इमानाने भाषांतर केला, पण त्यातला एक मीच हे नाही सांगितलं. त्याला कोणी रागावलं नाही, मीच तेवढा मनात स्वतःला.

रात्रीच्या हाकांचंही तसंच. दोन पाड्यांनी हाक ऐकली, दिशा मात्र एकमेकांच्या उलट. थंड हवा दरीत बसली की आवाज जमिनीलगत वाकून लांबवर जातो, त्यात कड्यांचे पडसाद. म्हणून हाकेवरून दिशा ठरवू नये, वेळ तेवढी घ्यावी. दोघंही म्हणाले, चंद्र मावळल्यावर ऐकली. मध्यरात्र उलटून गेल्यावरही पोरं जिवंत होती, यापेक्षा मोठी बातमी आम्हाला नको होती. सकाळी एका कपारीखाली सापडली. एकाचा घोटा सुजलेला, दुसरा त्याला सोडून हलला नव्हता.

आता उरल. तंबू २६ फेब्रुवारीला शोधपथकातल्या स्लोबत्सोव आणि शाराविन या दोन विद्यार्थ्यांना सापडला. आत मित्र असतील म्हणून त्यांनी तिथेच मिळालेल्या, बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीने कापड फाडलं. पुढे तपासणीत काही चिरा आतून दिलेल्या निघाल्या. म्हणजे फाटलेला आणि कापलेला, दोन्ही खरं. ठशांचं तर विचारूच नका. बर्फात लोक पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतात, वर जवळपास चार आठवड्यांचा वारा. तिथे आठ की नऊ यावर भांडण्यात अर्थ नाही.

परतीच्या तारखेवरही घोळ होता. ठरल्याप्रमाणे १२ फेब्रुवारीपर्यंत तार यायची होती. पण २८ जानेवारीला आजारपणामुळे मागे फिरलेल्या दहाव्या साथीदाराला, युरी युदिनला, द्यातलोव्हने सांगितलं होतं की दोन-चार दिवस उशीर होईल. घरचे एक तारीख धरून होते, युदिन दुसरी, आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं.

राहिले आगीचे गोळे. तुमचा मुख्य रोख त्यांच्यावर आहे, म्हणून तारखाच मांडतो. १७ फेब्रुवारीच्या पहाटे त्या भागातल्या दुसऱ्या एका पदयात्री गटाने आणि तिकडच्या इव्हदेल गावातल्या सैनिकांनी ते पाहिले. ३१ मार्चला शोधपथकाच्या तळावरूनच दिसले. दोन्ही नोंदी ताज्या आहेत, पाहणारे अनेक आहेत, मी त्या मानतो. पण ते नऊ जण गेले १ फेब्रुवारीच्या रात्री, पहिल्या गोळ्याच्या पंधरा दिवस आधी. १ फेब्रुवारीलाही गोळे दिसले असं जे सांगतात, ते बहुतेक कित्येक वर्षांनी सांगू लागले. त्यांना भेटता आलं असतं तर मी एकच विचारलं असतं, की ती तारीख तुम्ही कशावरून ठरवली.