देणगीदार काकांना लिहायच्या पत्राबद्दल

प्रिय बाळा,

काकांसाठी लिहिलेलं तुझं पत्र मिळालं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलास ते बरं केलंस, झूम करून नीट वाचलं. अक्षर छान आहे तुझं. पण खरं सांगू का, त्या पत्रात तू कुठेच सापडला नाहीस मला. "आपले उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत", "आपण देवासारखे धावून आलात", ही वाक्यं तुझ्या मनापासून आली असणार याबद्दल मला अजिबात शंका नाही, भूमसारख्या तालुक्यातून आलेल्या मुलाला पुण्यात मेसचे आणि कॉटचे पैसे महिन्याच्या महिन्याला कोणीतरी भरतंय म्हटल्यावर ऊर भरून येणारच. पण ते काका पत्र उघडतील तेव्हा त्यांना काय कळेल तुझ्याबद्दल? नाव, वर्ग आणि तू फार आभारी आहेस एवढंच. आभारी आहेस हे त्यांना माहितीये रे. त्यांना तू कसा आहेस ते हवंय.

सगळ्यात आधी एम थ्रीचं, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचं लिही. तू सगळ्या विषयांचे मार्क लिहिलेस आणि तो एक विषय गाळलास, मला रिझल्ट माहिती आहे म्हणून लक्षात आलं. मी रागवत नाहीये. पण बॅक, म्हणजे राहिलेला विषय, लपवून लिहिलेलं आभाराचं पत्र अर्धंच राहतं. आणि तो विषय का राहिला हे तर तुझ्याकडे नीट सांगण्यासारखं आहे. तू पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलास, बाकीच्या मुलांनी फर्स्ट इयरला एम वन, एम टू करून इंटिग्रेशन घोटून घेतलेलं असतं, तुला ते मधलं वर्षच मिळालं नाही आणि आल्या आल्या समोर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास. डिप्लोमाची कितीतरी हुशार मुलं तिथेच अडकतात, वर्कशॉपमध्ये तीच सगळ्यांच्या पुढे असतात. हे असंच्या असं लिही. "विषय राहिलाय, कारण हे आहे, आता मी हे करतोय", तीन ओळी पुरे. फक्त ते तिसरं जे आहे ना, आता काय करतोय, ते लिहिण्याआधी खरंच सुरू कर.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी अभ्यासिकेच्या खाली चहा घेताना तू मला म्हणालास की काकू मला एमटेक करायचंय, डिझाइनमध्ये, आणि ते सांगताना केवढा खुलला होतास. पत्रात मात्र "लवकरात लवकर नोकरीला लागून घरचा भार हलका करीन". घरचा भार आहेच, वडिलांच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही की काय होतं हे मी तुला काय सांगणार. पण एमटेकचं का खोडलंस? मला वाटतं तुला भीती वाटली की पुढचं शिक्षण म्हटलं की काकांना वाटेल हा अजून पैसे मागतोय.

हे बघ, पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, कोणी माधुकरी मागायचे. त्यातून मोठी माणसं घडली हे खरंच आहे, पण ताटात पडेल ते मान खाली घालून खायचं, अजून एक पोळी हवी असं म्हणायची सोय नाही, हेही त्यातच आलं. नंतर लोकांनी मुद्दाम वेगळ्या वाटा काढल्या. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे तिथे कमवा आणि शिका रुजलं, पुण्यात 1955 साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, मुलांना राहायला जागा मिळाली आणि सोबत मानही. तुझ्यापर्यंत आलेली मदत याच वाटेवरची आहे, तिच्यासाठी मान खाली घालायची गरज नाही.

आणि बाबासाहेबांचंच बघ ना. 1913 ला बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला, आणि 1917 मध्ये मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून उसने घेतले आणि 1920 ला पुन्हा लंडन गाठलं. आता पुरे झालं, मिळालं तेवढं खूप, असं म्हणून ते थांबले नाहीत. तू थांबायचं काय कारण आहे?

शिवाय तुझ्या हिशोबात एक गोष्ट सुटलीय. गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, पास होऊन एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या कॉलेजला फुल टाइम एमटेकला गेलास तर महिन्याला 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, दोन वर्षं. गेट थर्ड इयरपासून देता येते आणि स्कोअर 3 वर्षं चालतो, म्हणजे नोकरी लागली तरी दार उघडंच. आणि सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज इथेच शिवाजीनगरला आहे, सध्याची मेससुद्धा बदलावी लागणार नाही. म्हणजे एमटेकचं लिहिलंस तर तू काकांकडे पैसे मागत नाहीयेस, पुढे कुठे जायचंय ते सांगतोयस, आणि त्या माणसाला ते ऐकायला किती आवडेल तुला कल्पना नाही. ते स्वतः सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून शिकलेत. मागच्या वर्षी एका मुलीने पत्रात फक्त लेथ मशीनवर कापायचा पहिला जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, कसा बिघडला आणि दुसरा कसा जमला एवढंच लिहिलं होतं, ते पत्र त्यांनी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, मला फोन करून सांगत होते.

अजून एक, पैशांचं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवरचा फॉर्म भरलास का? वडील अल्पभूधारक आहेत, तर शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या सोबत पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही बघ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला यावर्षीचाच लागेल आणि बँक खातं आधारला लिंक आहे का ते आधी तपास, मुलांचे पैसे तिथेच अडकतात. ते पैसे जमा झाले की काकांना लगेच कळव. तुझी गरज तेवढी कमी झाली तर ती रक्कम दुसऱ्या कुणाच्या मेसला जाईल, यादीत अजून मुलं थांबलेली आहेत. हे न विचारता स्वतःहून कळवणारा मुलगा मला फार मोठा वाटतो.

आईचं लिहिलंयस ते मात्र तसंच ठेव. तिने पहिल्यांदा स्वारगेटला उतरल्यावर तुझी पेटी कुणाला उचलू दिली नाही ते वाचून मला भरून आलं.

नवीन पत्र रविवारपर्यंत दे, सोमवारी सगळ्यांची पत्रं एकदम पोस्टात टाकणार आहे. आणि शनिवारी चार वाजता घरी ये, आमच्या ओळखीचा एक सीनियर येतोय, तोही डिप्लोमातूनच आलेला, एम थ्री दुसऱ्या फेरीत काढलेला. इंटिग्रेशनपासून सुरू करू म्हणालाय. वही आण.

तुझी,
काकू