कंपनीनं 10 लाख तास लिहिलेत, मग पोरगी तपासते काय?

भाऊ, नंदनवनहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला, मार्क चांगले, आणि तक्रार काय तर तिनं प्रोजेक्टला हार्डडिस्क बंद पडण्याचं गणित खऱ्या रेकॉर्डशी ताडून बघायचा विषय घेतला. तुमच्या भाषेत 'भंगार मोजणं'. म्हणून तुम्ही एचओडींना भेटून विषय बदलून घेणार म्हणता. अर्धं पत्र हिंजवडीतल्या भाच्याच्या पॅकेजवर आहे आणि मुलीला त्यात काय आवडलं यावर एक ओळ नाही, मला तेच खटकलं. उद्या इंटरव्ह्यूला पण तुम्हीच बसणार का?

आता तुमचा प्रश्न, डिस्क बंद पडेपर्यंत सरासरी 10 लाख तास असं कंपनीनंच लिहून दिलंय तर तपासायचं काय? भाऊ, 10 लाख तास म्हणजे 114 वर्षं, एवढी डिस्क चालेल असं कंपनी पण म्हणत नाही. तो आकडा एका डिस्कचा नाहीच, 1000 डिस्क वर्षभर चालवल्या तर साधारण 9 जातील, म्हणजे शंभरात एकापेक्षा कमी, असा तो हिशोब. पण 2007 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी सुमारे 1 लाख डिस्कचं रेकॉर्ड तपासलं तर वर्षाला शंभरात 2 ते 4 बदलाव्या लागणं नेहमीचंच निघालं, काही सिस्टिमवर तर 13 पर्यंत. शिवाय हे गणित मांडणारे धरून चालतात की एक डिस्क गेली म्हणून दुसरीला काही होत नाही, तेही टिकलं नाही. मे महिन्यात आपल्या गल्लीतले कूलर कसे एकामागोमाग बसतात, ताण सगळ्यांवर एकदमच येतो नं.

आणि हे काम सोपं नाही बरं. बदललेली प्रत्येक डिस्क खराबच होती असं नसतं, आणि ज्या अजून चालू आहेत त्या हिशोबातून वगळल्या तर फक्त लवकर गेलेल्यांचीच सरासरी हातात येते, म्हणजे उत्तरच चुकलं. डेटासाठी कुठं हात पसरायची गरज नाही, लोकांचा डेटा ऑनलाइन साठवणारी बॅकब्लेझ कंपनी 2013 पासूनची डिस्कची रोजची नोंद फुकट देते.

एम.टेक.साठीची गेट परीक्षा, नागपूरचं व्हीएनआयटी तुम्हाला माहीतच आहे. याच विषयात, म्हणजे वस्तू किती भरवशाची ते मोजण्यात (रिलायबिलिटी), कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं क्वालिटी, रिलायबिलिटी आणि ऑपरेशन्स रिसर्चचं एम.टेक. आहे, खरगपूर आयआयटीत तर या विषयाचं वेगळं स्कूलच आहे. नोकरीच म्हणाल तर मोठ्या क्लाउड कंपन्या साईट रिलायबिलिटी इंजिनिअर, म्हणजे सिस्टिम बंद पडू नये हे बघणारे, घेतात, पण नुसत्या प्रोजेक्टवर नाही, कोडिंग पक्कं लागतं.

एचओडींकडे जाऊ नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, स्टॅटिस्टिक्स किती झालंय आणि पायथन कितपत येतं तेवढं कळवायला सांगा, आणि भाच्याचं पॅकेज त्यात नको.