मे महिन्यात जळगावला चाललोय, भरीत आणि शेवभाजी सोडून घरगुती काय खायचं?

तुम्ही विचारलंय की मित्राच्या लग्नाला मे मध्ये जळगावला जाणार, लग्न सोडून दोन दिवस हातात आहेत, तर हॉटेलात मिळतं ते सोडून खानदेशी घरांमध्ये काय शिजतं आणि कुठल्या गावाचं काय खावं. मी तिकडचाच, आमचं गाव यावल तालुक्यात आणि बहीण दिलीय शिंदखेड्याला, त्यामुळे तापीच्या दोन्ही काठांवर भरपूर जेवलोय. पण गावांची यादी मागू नका, आधी महिना बघा. आमच्याकडचं जेवण महिन्यावर चालतं, आणि बाहेरचे लोक तेच विसरतात.

आता भरीतच घ्या. भरीत सोडून सांगा म्हणालात ते बरंच झालं, कारण मे मध्ये तसंही ते मागू नका. हॉटेलवाला देईल, पण ते खाऊन तुम्ही भरिताबद्दल मत बनवाल याचं मला वाईट वाटेल. आमचं भरिताचं वांगं थंडीतलं, हिरवं, त्यावर पांढरट रेघा, हातभर नसलं तरी चांगलं दणदणीत, बिया कमी. 2016 ला जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. चातुर्मासात बऱ्याच घरांत वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग शेतांमध्ये भरीत पार्ट्या सुरू होतात. वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर भाजलेल्याला तो वासच येत नाही. मग लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची-लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. टोमॅटो नाही! सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत काळे उडीद आणि मीठ टाकूनच गिरणीत दळून आणलेल्या पिठाची. यासाठी डिसेंबर-जानेवारीत वेगळी चक्कर मारा.

मे मध्ये काय, तर मांडे आणि आमरस. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया एप्रिलच्या शेवटी नाहीतर मे मध्ये येते आणि आमच्याकडे ती दिवाळीइतकीच मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पितरांची घागर भरतात आणि त्या घागरीवर डांगर ठेवतात (तुमच्याकडे खरबूज म्हणतात ते). जुन्या घरांत पितरांना आंबा दाखवल्याशिवाय मोठी माणसं तोंडात घालत नाहीत. त्या दिवशी खापरावरचे मांडे झालेच पाहिजेत, आणि ते करताना बघायला मिळालं तर हातातलं काम सोडून बघा. गव्हाचं पीठ अगदी बारीक चाळणीने चाळून घेतात, कणीक इतकी मळतात की ती ओढली तरी तुटत नाही. दोन लहान पुऱ्या लाटायच्या, मधे पुरण ठेवून कडा दाबायच्या, जरा लाटायचं आणि मग पोळपाट संपला. बाई ती पोळी हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर फिरवत राहते आणि पोळी आपल्याच वजनाने मोठी मोठी होत कोपरापर्यंत येते, आतलं पुरण दिसायला लागतं तरी फाटत नाही, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकते. आमच्या मोठ्या आईचा मांडा कधी फाटलेला मी पाहिला नाही. मांडा चमच्याने तूप घेऊन खायचा नाही, तूप ओतायचं, आमरसाची वाटी बाजूला, गोड जास्त झालं की कटाची तिखट आमटी प्यायची, आणि तोंडी लावायला भजी-कुरडई. त्यानंतर दुपारी कुठे जायचा प्लॅन करू नका, तसंही 44-45 डिग्रीत कोण जातंय.

दुसरी गोष्ट हॉटेलात मिळणारच नाही, ती म्हणजे बिबड्यांचा घाटा. उन्हाळ्यात घरोघरी वाळवणं चालू असतात आणि बिबडे हा ज्वारीचा पापड. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवतात, भरडतात, आणि पहाटे उठून मोठ्या पातेल्यात जिरं, तीळ, लसूण घालून हाटत हाटत शिजवतात. ते शिजलेलं म्हणजे घाटा, ऊन चढायच्या आत ओल्या फडक्यावर पाण्याचा हात लावून थापायचं असतं, म्हणून सगळ्या बायका घाईत. पण थापणाऱ्यांना आणि लुडबुडणाऱ्या पोरांना आधी वाटीत गरम घाटा आणि वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल मिळतं. आंबूस, लसणीचा, पोटाला थंड. दुपारी अर्धवट वाळलेले ओले बिबडे पण खातात, जरा चिवट लागतात आणि मला तर वाळलेल्यांपेक्षा तेच आवडतात. मित्राच्या गल्लीत कुणाच्या गच्चीवर बिबडे चालू असतील तर बिनधास्त जा, पाहुण्याला कुणी नाही म्हणणार नाही.

बाराही महिने चालणारं म्हणाल तर वरण-बट्टी आणि फुणके-कढी. बट्टीला जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ लागतं, त्यात ओवा-हळद, काही घरांत थोडा मका, आधी वाफवून मग कापून तळायची. शेतात गोवऱ्यांवर भाजलेली मिळाली तर नशीब. चुरायची, वर तुरीचं वरण, वर तूप, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. फुणके म्हणजे जाडसर वाटलेल्या डाळीत मिरची-लसूण घालून उकडलेले मुटके, कढीत कुस्करून. साधं आहे म्हणून कुणी पाहुण्याला करत नाही, तुम्हालाच तोंड उघडून मागावं लागेल.

धुळ्याकडे, म्हणजे बहिणीकडे, रश्श्याचा हात जड. कांदा-खोबरं अगदी काळपट होईपर्यंत भाजतात. शेवभाजी सोडून म्हणालात पण एकदा कुणाच्या घरची खाऊन बघाच, घरी रस्सा वेगळा उकळतो आणि शेव पानात वाढताना पडते. शेव पण भाजीची वेगळी, जाड, चिवड्यातली टाकली तर दोन मिनिटांत लगदा होतो. तिच्याकडे श्रावणात कानबाई देवीचे रोट (गव्हाचा प्रसाद) असतात, घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि ते भाऊबंदांतच संपवायचे असतात. तेव्हा गेलात तर गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर, पुरणपोळी पोटभर मिळेल पण रोट मागू नका, वाईट दिसतं.

नंदुरबार दोन दिवसांत जमणार नाही. तिथलं खरं बघायचं तर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या, लांबच लांब लाल मैदान, रस्त्यावरूनच ठसका लागतो. धडगावकडचं आमचूर कुणी आणून देत असेल तर घ्या, डाळीत टाका. बऱ्हाणपूर मात्र जमेल, आता मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या वेळी खानदेशची राजधानी तेच होतं, रावेरच्या पुढे लगेच. तिथली मावा जिलेबी गरम असतानाच खा, काळपट दिसते म्हणून बिचकू नका.

तर तुमचे दोन दिवस असे घालवा. एक दिवस मित्राच्या घरी, लग्नाच्या आदल्या दिवशी नाही, लग्न झाल्यावर, कारण आधी त्याच्या आईला श्वास घ्यायला वेळ नसेल. आखाजी होऊन गेली असली तरी रस असेपर्यंत मांडे होतात, पण आदल्या दिवशी सांगा, पुरण-पीठ सगळं आधीपासून लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून रावेरमार्गे बऱ्हाणपूर, वाटेत केळीचे ताजे तळलेले वेफर्स. येताना बिबडे, उडदाचे पापड आणि किलोभर भाजीची शेव घेऊन या. बिबडे डब्याच्या सगळ्यात वर ठेवा, प्रवासात लगेच तुटतात.