मुक्ताईनगरच्या वारीसाठी महिला भजनी मंडळ, साथीला मुस्लिम तबलजी: सूर जुळत नाही, अभंग कोणते घ्यावेत?

बायकांना काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गायला लावू नका, अस्ताईत, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या खालच्या भागात, आवाज बसतो. काळी चार धरा. तबलजींचा काळी एकचा सव्वापाच इंची दाया (उजव्या हाताचा तबला) काळी चारच्या षड्जावर, म्हणजे सा वर, चढवला तर पुडी (वरचं कातडं) फाटते, उतरवला तर आस (सुराची गुंज) मरते. तो तसाच ठेवा. काळी एक हा काळी चारचा मध्यमच (म), म्हणून तो जुळतो. मात्र भूपासारख्या रागात मध्यम वर्ज्य, म्हणजे लागतच नाही, तिथे तो खटकतो. त्यासाठी काळी चारच्या षड्जाला लागणारा सहा इंची दाया आणा.

अभंग मुक्ताईचे ताटीचे (‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’) घ्याच. जोडीला श्रीगोंद्याच्या मुस्लिम संतकवी शेख महंमदांचेही, आणि त्यांची नाममुद्रा (अभंगाच्या शेवटी येणारं कवीचं नाव) गाळू नका. ती गाळणं मला मुळीच पटत नाही. रमजानात तालीम दुपारी, इफ्तारच्या बरीच आधी संपवा.